विरचना, विरजण आणि ता.क.

पत्र असं आलंय, थोडं छाटून देतेय (विरचना म्हणजे डीकन्स्ट्रक्शन, फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाने आणलेली मजकूर वाचायची पद्धत) :

«ताई, मी मराठीत पीएच.डी. करतेय. गाईड सरांनी टॉपिक दिला, 'विरचनावादाचा नव्या समीक्षापद्धतींवरील प्रभाव', आणि मी हो म्हणून बसले. आठ महिन्यांत चाळीस पानं झालीत पण सगळ्या व्याख्या, या पुस्तकातली एक, त्या पुस्तकातली एक. मागच्या महिन्यात सेमिनारला पेपर वाचला तर एक सीनियर मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या की अगं ते विरचनाबिरचना कधीच संपलं, देरिदा जाऊन पण वीस वर्षं झाली, काहीतरी ताजं घे. सर म्हणतात दुर्लक्ष कर, देरिदावर एक मोठा चॅप्टर टाक, बाकीचं होतं आपोआप. माझा मामेभाऊ पेंटिंग शिकतो, तो म्हणतो म्हणजे कशाचाही काहीही अर्थ काढायचा, एवढंच ना? खरं सांगू का, मला आता साधी कविता पण सरळ वाचता येत नाही, वाचायला घेतली की वाटतं हिला फाडायला पाहिजे. टॉपिक बदलू का? घरी सांगायची सोय नाही, फी भरून झालीय. - सिनॉप्सिसमध्ये अडकलेली, सातारा जिल्हा.
ता.क. आजीची ओव्यांची वही सापडली. दुधाच्या हिशेबाची वही आहे, मागच्या बाजूने ओव्या लिहिल्यात. टॉपिकशी काही संबंध नाही, असंच सांगितलं.»

अगं, आधी पाणी पी. टॉपिक बदलू नकोस. आता बाकीचं बोलू.

तुझ्या मूळ मेलमध्ये दोन ठिकाणी 'विरजणवाद' असं टाइप झालंय, वर मी ते दुरुस्त केलं, पण खरं तर मॅडमना द्यायचं उत्तर तुझ्या कीबोर्डनेच देऊन टाकलंय. विरजण दुधात घातलं की दुसऱ्या दिवशी ते दह्यात चमचा घालून शोधायला गेलीस तर सापडणार आहे का? नाही. म्हणून काय विरजण संपलं असं म्हणायचं? दूध दूध राहिलं नाही, हाच त्याचा पुरावा.

मॅडम अर्ध्या बरोबर आहेत हं, ते पण मान्य करून टाक. विचारांची एक शाळा म्हणून, एक फॅशन म्हणून ते खरंच ओसरलं. १९६६ च्या ऑक्टोबरात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत एक परिषद झाली, अमेरिकनांना फ्रेंच संरचनावाद (भाषा, साहित्य, समाज यांच्यामागे एक पक्की रचना असते असं मानणारा विचार) समजावून सांगायला भरवलेली, आणि तिथे या छत्तिशीच्या देरिदाने पेपर वाचून त्या संरचनावादाच्या पायाखालचीच सतरंजी ओढली. पुढच्या वर्षी, १९६७ ला, त्याची तीन पुस्तकं एकदम आली. मग सत्तर-ऐंशीच्या दशकात येल युनिव्हर्सिटीतली मंडळी, पॉल द मान वगैरे, ते घेऊन बसली, सगळीकडे नुसतं तेच, आणि मग १९८७ ला बाहेर आलं की द मानने तरुणपणी, नाझींच्या ताब्यातल्या बेल्जियममध्ये, त्यांच्याच कह्यात असलेल्या पेपरात लेख लिहिले होते आणि त्यातला एक तर उघड ज्यूविरोधी. माणूस १९८३ लाच वारलेला, उत्तर द्यायला जागेवर नाही. विरोधकांनी म्हटलं बघा, अर्थ नक्की नसतो म्हणणाऱ्यांचं हे असं असतं, आणि देरिदाने मित्राची बाजू घेत जे लांबलचक लिहिलं ते मला तरी पटलेलं नाही. व्हायवाला हे नक्की विचारतील, तयारी ठेव. लपवू नकोस, तो शाळेच्या इतिहासाचा भाग आहे. पण तोपर्यंत विरजण दुसऱ्या भांड्यांत जाऊन पडलं होतं आणि तुझा टॉपिक त्या भांड्यांबद्दल आहे. सरांनी सांगितलेला तो देरिदावरचा मोठा चॅप्टर म्हणजे विरजणाच्या वाटीवर ऐंशी पानं, आणि दही कुठेच नाही.

आता मामेभावाकडे वळते. हल्ली हॉटेलात 'डीकन्स्ट्रक्टेड वडापाव' मिळतो, बघितलायस का, वडा वेगळा, पाव वेगळा, चटणीचा एक टिपका आणि बिल तिप्पट. लोकांना वाटतं विरचना म्हणजे हेच, सुटे भाग करून ताटात मांडायचे. तसं नाहीये ते. माझी आई जुना ब्लाऊज मापाला वापरायची तेव्हा तो फाडायची नाही, उसवायची. टाका टाका काढून. उसवताना कळायचं की टेलरने कुठे कापड कमी पडलं म्हणून जोड दिलाय आणि तो जोड आतल्या बाजूला कसा लपवलाय. बार्बरा जॉन्सन नावाची एक फार हुशार समीक्षक होती, तिने १९८० मध्येच लिहिलंय की या शब्दाचं नातं विध्वंसाशी नाही, 'अ‍ॅनालिसिस'शी आहे, आणि त्या शब्दाचा मुळातला अर्थच सोडवणं, मोकळं करणं. त्यामुळे तू कविता फाडू नकोस. आधी दोनदा नुसती वाच, मोठ्याने वाच, आवडू दे. हे मी मावशीगिरी म्हणून सांगत नाहीये, देरिदा स्वतः सांगतो की आधी मजकूर जे म्हणतोय ते नीट, परंपरेने वाचतात तसं वाचायचं, तो कठडा आहे, तो नसेल तर वाचणारा वाटेल ते म्हणायला मोकळा सुटेल. मामेभावाला हे वाक्य ऐकव, 'काहीही अर्थ काढा' ची भीती त्या माणसालाच आधी वाटली होती. आणि ते 'मजकुराबाहेर काही नाही' म्हणून देरिदाचं जे वाक्य सगळे फेकतात ना, त्याचा अर्थ जग नाही, फक्त पुस्तकं आहेत असा नाहीये, त्यानेच नंतर खुलासा केला की संदर्भाबाहेर काही नसतं असं मला म्हणायचंय. म्हणजे उलट जास्त काम, कमी नाही!

तुझ्या चाळीस पानांतली एक व्याख्या ठेव. पुरवणीची. अठराव्या शतकातला विचारवंत रूसो म्हणतो की बोलणं ही खरी, नैसर्गिक गोष्ट, लिहिणं म्हणजे त्याला वरून लावलेली पुरवणी, आणि ती पुरवणी धोकादायक आहे असंही म्हणतो. देरिदा तिथेच बोट ठेवतो. तू परीक्षेत पुरवणी घेतलीयस की, मेन पेपर पुरला असता तर पुरवणीला दोरा कशाला लावला असतास? वरून जोडलेली वस्तू आहे म्हणतात, पण ती जोडावी लागली याचाच अर्थ मूळ गोष्टीत काहीतरी कमी होतं. आणि कधी कधी तर दहा मार्कांचं उत्तर पुरवणीतच असतं आणि बाइंडिंगमध्ये तीच सुटते. बस, एवढंच हत्यार घे. कुठल्याही कृतीने कडेला ढकललेली, दुय्यम म्हटलेली, पण जिच्याशिवाय तिचं चालत नाही अशी वस्तू शोधायची. बाकी ते सगळे अवघड शब्द नंतर.

आता बुटांची गोष्ट, ही तुझ्या भावाला पण सांग. व्हॅन गॉगने १८८६ मध्ये पॅरिसला असताना जुने झिजलेले बूट रंगवले, चामडं सुरकुतलेलं, नाड्या सैल सुटलेल्या, मागे काहीच नाही, ना खोली ना शेत. हायडेगर हा जर्मन तत्त्वज्ञ १९३५-३६ च्या सुमाराला व्याख्यानांत म्हणाला, हे शेतकरी बाईचे बूट, आणि मग तिची जड पावलं, ओली माती, भाकरीची चिंता असं फार सुंदर वर्णन केलं. १९६८ मध्ये अमेरिकन कला-इतिहासकार मायर शापिरोने हे खोडून काढलं. त्याने हायडेगरला पत्र टाकून विचारलं होतं, नक्की कुठलं चित्र हो? उत्तर आलं, १९३० मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात बघितलेलं. शापिरो म्हणाला अहो ते शेतकरी बाईचे नाहीत, चित्रकाराचे स्वतःचे आहेत, शहरात राहणाऱ्या माणसाचे.

इथपर्यंत साधं भांडण आहे, बूट कोणाचे. देरिदाने १९७८ च्या त्याच्या चित्रकलेवरच्या पुस्तकात एक भलामोठा लेख या भांडणावर लिहिलाय आणि तो विचारतो, ही जोडी आहे असं तुम्हाला सांगितलं कोणी? नीट बघा, दोन्ही डावे वाटतायत की. दोघे विद्वान कोणाच्या पायात घालायचे यावरून भांडतायत, पण पाय असलाच पाहिजे, जोडी असलीच पाहिजे, हे दोघांनीही बघण्याआधीच धरलेलं. मग तो शापिरोच्या लेखाची अर्पणपत्रिका बघतो. तो लेख कुर्ट गोल्डस्टाइनच्या स्मरणार्थ होता, आणि गोल्डस्टाइन म्हणजे ज्यू डॉक्टर, १९३३ मध्ये जर्मनीतून परागंदा व्हावं लागलेला, त्याच वर्षी हायडेगर नाझी पक्षात गेला होता. म्हणजे बुटांचा मालक ठरवण्यामागे एका मित्राचं देणं फेडणं पण होतं, आणि ते लेखात कुठे होतं? अर्पणात, जिथे आपण नजर पण टाकत नाही. पुरवणीत!

(मला स्वतःला तो लेख शंभरेक पानांनी लांब आहे असं वाटतं, आणि नाड्यांवरच तो इतका रेंगाळतो की शेवटी आपण चप्पल घालून बाहेर जावंसं वाटतं. पण एकदा वाचल्यावर संग्रहालयात चित्राशेजारची पाटी न वाचता पुढे जाता येत नाही, हे पण खरं.)

त्याच पुस्तकात जर्मन तत्त्वज्ञ कांटवर लिहिताना तो चित्राच्या चौकटीबद्दल बोलतो, की चौकट चित्राच्या आत की बाहेर? तो भाग १९७९ मध्ये 'ऑक्टोबर' या न्यूयॉर्कच्या नियतकालिकात इंग्रजीत आला आणि भाषांतर केलं क्रेग ओवेन्स नावाच्या तरुण कला-समीक्षकाने. आता बघ प्रभाव कसा जातो, व्याख्येतून जात नाही, भाषांतर करणाऱ्या हातातून जातो. तोच ओवेन्स चारेक वर्षांत स्त्रीवादी कलावंतांवर लिहायला लागला, की ही कला कोणाच्या नजरेसाठी आणि कोणाला चौकटीबाहेर ठेवून. त्याच 'ऑक्टोबर'ची संस्थापक-संपादक रोझलिंड क्राउस, तिने १९८१ मध्ये विचारलं की फ्रेंच शिल्पकार रोदँच्या 'नरकाचे दरवाजे' या शिल्पाची वॉशिंग्टनच्या प्रदर्शनात नवीकोरी ब्राँझ प्रत ठेवलीय, माणूस १९१७ लाच गेला, जिवंत असताना ते शिल्प ब्राँझमध्ये कधी ओतलंच गेलं नव्हतं, मग ही मूळ कृती की नक्कल? आणि मूळच नसेल तर नक्कल कशाची? तुझा भाऊ याच प्रश्नावर असाइनमेंट करत असेल, फक्त त्याला माहीत नसेल की विरजण कुठून आलं.

साहित्याच्या बाजूला भाषांतर करणारा हात आपल्याकडचा होता. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक, कोलकात्याच्या, अमेरिकेत शिकवत होत्या, देरिदा कोण हे माहीत नसताना कॅटलॉगमध्ये बघून त्याचं एक पुस्तक मागवलं आणि १९७६ मध्ये इंग्रजी भाषांतर छापून आलं, वर त्यांची स्वतःची प्रस्तावना एवढी लांब की ती वेगळं पुस्तक म्हणून चालली असती. (परत पुरवणी. आता तुला सगळीकडे दिसायला लागेल, त्याला माझा इलाज नाही.) १९८८ मध्ये त्यांचा तो निबंध आला, खालच्या थरातल्या माणसाला बोलता येतं का, असं विचारणारा. त्यात शेवटी एक मुलगी आहे. भुवनेश्वरी भादुरी. १९२६, उत्तर कोलकाता, सोळा-सतरा वर्षांची, वडिलांच्या घरी गळफास घेतला. तिला पक्कं माहीत होतं की अशी पोरगी मेली की लोक काय म्हणणार, दिवस गेले असतील. म्हणून ती पाळी यायची थांबली आणि पाळी आल्यावर जीव दिला. म्हणजे कागदावर नाही, शरीरावर खुलासा लिहून ठेवला. बऱ्याच वर्षांनी कळलं की ती क्रांतिकारकांच्या गटात होती, कोणाला तरी मारायचं काम तिच्यावर दिलं होतं आणि ते तिच्याने झालं नाही. आणि तरीसुद्धा पुढे घरातल्या बायकाच म्हणायच्या, काहीतरी प्रेमप्रकरण असेल. स्पिवाक म्हणतात की तिला बोलता येत नाही, तेव्हा ती मुकी होती असं त्यांना म्हणायचं नाहीये. तिने सांगितलं होतं, वाचणारं कोणी नव्हतं. त्यात आणि 'वंचितांचा आवाज' वगैरे आपण जे प्रबंधात ठोकून देतो त्यात केवढं अंतर आहे बघ. हा चॅप्टर तुझा. वसाहतोत्तर समीक्षा, स्त्रीवाद आणि विरचना तिन्ही एकाच ठिकाणी, आणि एकही व्याख्या न देता.

होमी भाभा पण घे, आपल्या मुंबईचे, अणुवाले नव्हेत, दुसरे. त्यांच्या १९८५ च्या निबंधात १८१७ च्या मे महिन्यातला दिल्लीबाहेरचा प्रसंग आहे. झाडाखाली पाचेकशे माणसं जमून भाषांतरित बायबल वाचतायत. धर्मप्रचारक, तोही हिंदुस्थानीच, सांगतो की हे युरोपियन साहेबांचं पुस्तक आहे, तर लोक म्हणतात छे, कसं शक्य आहे, ते तर मांस खातात! पुस्तक मान्य, बाकीच्या रीती पण मान्य, साहेबाचं पुस्तक आहे हे मात्र अमान्य. राज्यकर्त्याचा ग्रंथ तोच, छपाई तीच, पण झाडाखाली पोचेपर्यंत त्याचा मालक बदलला. मला हा प्रसंग भाभांच्या पुढच्या दहा पानांपेक्षा जास्त आवडतो, त्यांची वाक्यं म्हणजे... असो.

क्वीअर थिअरीला (लिंगभाव आणि लैंगिकता ठरीव नसतात असं म्हणणाऱ्या समीक्षेला) एक सेक्शन पुरे, जुडिथ बटलरचं १९९० चं पुस्तक घे, स्त्री-पुरुष असणं ही आत असलेली गोष्ट नसून पुन्हा पुन्हा करून घट्ट होत जाणारी कृती आहे हा मुद्दा, आणि त्यात 'पुन्हा पुन्हा' हा भाग देरिदाकडून किती आला तेवढं दाखव. आर्किटेक्चरवाले सोडून दे. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने वाकड्यातिकड्या इमारतींचं प्रदर्शन भरवलं, नावात विरचना होती, पण तिथे नातं बरंच ओढूनताणून आहे, तुझा वेळ जाईल.

एक सावध करते. कमिटीत कोणीतरी नक्की म्हणणार, हे आपल्याकडे आधीच होतं, भर्तृहरी बघा, नागार्जुन बघा. वाद घालू नकोस, 'हो सर, तौलनिक अभ्यासाला वाव आहे' म्हण आणि पाणी पी. पण कोणी ताराबाई शिंद्यांचं नाव काढलं तर मात्र थांब, कारण तिथे तुला खरंच काहीतरी दाखवता येईल. १८८२ ची 'स्त्री-पुरुष तुलना'. बायकांवर लावलेला एकेक दोष घेऊन त्या पुरुषांवर उलटवतात, हा तुमच्यात नाही का, तो तुमच्यात नाही का, असं. देरिदा म्हणतो विरचनेच्या दोन हालचाली असतात, आधी खालचं वर करायचं, आणि मग तिथेच न थांबता ती वर-खालची शिडीच हलवायची. ताराबाई पहिली हालचाल काय जोरात करतात बघ, आणि दुसरी करतात का, कुठल्या पानावर करतात, हे तू शोध. फक्त त्या विरचना करत होत्या असं लिहू नकोस. फ्रेंच सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय त्यांचं अडलं नव्हतं.

सरांचं काय करायचं, तर भांडू नकोस, सही त्यांचीच लागणार आहे. देरिदावरचा चॅप्टर 'पार्श्वभूमी' म्हणून पंधरा पानांत बसव आणि टॉपिकच्या नावापुढे फक्त 'निवडक वाचनांच्या आधारे' जोडून आण, नाव तेच राहतं, फॉर्म परत भरावा लागत नाही, आणि सरांना वाटतं आपलंच आहे. चाळीस पानं डिलीट नको करू, फोल्डरला 'जुनं' नाव देऊन बाजूला टाक.

आता वहीबद्दल. तू सगळं पत्र लिहिलंस, सर, मॅडम, भाऊ, फी, आणि ज्या एका गोष्टीबद्दल लिहिताना तुला व्याख्या आठवली नाही ती टाकलीस ता.क.मध्ये, वर 'टॉपिकशी काही संबंध नाही' असं पण म्हणालीस. अगं बाई! ता.क. म्हणजे काय असतं गं?

दुधाच्या हिशेबाची वही, मागून ओव्या. मला चार गोष्टी कळव. पुढचा हिशेब कोणाच्या अक्षरात आहे, आजीच्या की आजोबांच्या. ओव्या आजीने स्वतः लिहिल्या की कोणाकडून लिहून घेतल्या, कारण जात्यावर म्हणायची गोष्ट वहीत उतरली की काय काय बदलतं, बोलणं आधी की लिहिणं आधी, हे तुला रूसोपेक्षा ती वही जास्त चांगलं सांगेल. दोन्ही बाजूंची पानं मध्ये जिथे भेटतात तिथे काय आहे, हिशेब थांबलाय की ओव्या थांबल्यात की एकाच पानावर दोन्ही आहे. आणि आजी आहेत का अजून? असतील तर या रविवारीच जा आणि आधी दुधाचं विचार, किती लिटर, कुठल्या डेअरीला, पैसे कोणाच्या हातात यायचे, ओव्यांचं त्या आपणहून सांगतील.

स्कॅन करशील तेव्हा हिशेबाची पानं सोडू नकोस, आणि कव्हर पण कर.